ताटलीवरची दुसरी वाफ

३ तारीख, सोमवार

पोचले बाई एकदाची! आठ तास गाडीत बसून गुडघ्यांची लाकडं झाली होती, पण जिन्याच्या तोंडाशी नात दिसली आणि दोन मजले कसे चढले ते माझं मलाच कळलं नाही. सामान लेकाने उचललं, नातीला मी उचललं. लेक ओरडला, आई, कंबर! मी म्हटलं, कंबर माझी आहे, तू पिशव्या सांभाळ.

नातीचं शाळेतलं नाव चांगलं लांबलचक आहे, पण सगळे तिला ठिणगीच म्हणतात. सहा वर्षांची, पहिलीत. समोरचा एक दात पडलाय, त्या खिंडीतून शिट्टी वाजवते. आम्ही भेटलो की आधी नाकाला नाक घासतो, मग बाकीचं. ती तान्ही होती तेव्हापासूनची आमची रीत.

ही वहीसुद्धा तिचीच. म्हणाली, आजी, रोज पाच ओळी लिहायच्या, मी तपासणार. मी दुसरीपर्यंत शिकले, मग भावंडं कडेवर आली आणि पाटी सुटली. अक्षरं पुन्हा शिकवली ती ह्या पोरीने, गेल्या वर्षी फोनवरून. आता पाच ओळींत माझं काय भागतंय? पण हात फार हळू चालतो. एक ओळ होईतो दुधावर साय धरते.

लेक छापखान्यात, सूनबाई टपाल कचेरीत. दोघं आठला जातात, दिवे लागायला येतात. ठिणगी बाराला शाळेतून येते. मधल्या वेळाला आजी हवी, म्हणून मला बोलावलं. माझ्या वयात कुणाला तरी आपण हवे आहोत, ह्यापेक्षा काय पाहिजे?

घर त्यांनी मागच्याच आठवड्यात भाड्याने घेतलंय. उजेड छान आहे. आतली खोली माझी आणि ठिणगीची. तिथे मात्र कोंदट वास. बघितलं तर भिंतीत वर, छताजवळ, शेजारी-शेजारी दोन झरोके, अगदी नाकपुड्यांसारखे. उजवा मोकळा, डावा गच्च बंद. मी स्टूल घेतलं (लेकाला सांगायचं नाही) आणि चमच्याच्या दांड्याने खरवडायला लागले. आधी मेण. मग चिंध्या. मग कापूस, परत मेण, परत चिंध्या. ओढतेय तर संपेचना, चांगला हातभर बोळा निघाला. कुणी एवढी मेहनत घेतली कोण जाणे. निघाल्याबरोबर तोंडावर गार हवेचा एक झोत आला, एकच, आणि थांबला. मी ठिणगीला म्हटलं, घराचं नाक मोकळं झालं बघ. ती पोट धरून हसली.

दुपारी झोपताना गोष्ट हवी होती. मी आमच्या लहानपणची सांगितली. सात भावंडं, एक गादी, दोन गोधड्या. जो उशिरा, गारठून येईल त्याच्यावर कुणी कुरकुरायचं नाही. “ये, सरकते” म्हणायचं आणि ऊब द्यायची. हे दोन शब्द म्हटले की झालं, मग त्याला जागा मिळालीच पाहिजे. ठिणगीला फार आवडलं. चार वेळा म्हणून बघितलं.

वाजले किती! दूध उतू जातंय वाटतं.

५ तारीख, बुधवार

काल ठिणगीने पानावर लाल तारा काढून दिला. “ळ चांगला आहे” असंही लिहिलं. मी सूनबाईला दाखवला, खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीला दाखवला, दूधवाल्यालाही दाखवणार होते पण तो घाईत होता. शिवणवाली गोड बाई आहे. तोंडात टाचण्या धरून बोलते, आपलाच जीव घाबरतो. ठिणगी तिला मावशी म्हणते.

ठिणगीचं नाक चोंदलंय. डावी नाकपुडी. म ला ब म्हणते, न ला द. सकाळी म्हणाली, आजी, बला दूध दको. मी हसून हसून दमले, मग ती फुगून बसली, मग दोघी हसलो. लेकाला मात्र नाकावर माशी बसलेली चालत नाही, तो म्हणतो तूच धूळ उडवली असणार. म्हणजे स्टुलाचं कळलं त्याला. पोरीला पोटात काही ठेवता येत नाही.

नाक कुठलं बंद आहे हे बघायची एक युक्ती मला माझ्या आईने शिकवलेली. स्टीलची ताटली गार पाण्यात बुडवायची, कोरडी पुसायची, नाकाखाली आडवी धरायची. श्वास सोडला की वाफेचे दोन डाग उमटतात, दोन नाकपुड्यांचे दोन. ठिणगीचा उजवा डाग चार बोटं रुंद. डावीकडे काहीच नाही. ताटली तशीच लखलखीत. तिला हा खेळ इतका आवडला की बापाची, आईची, माझी, सगळ्यांची नाकं मोजून झाली. माझे दोन्ही डाग तीन-तीन बोटं. म्हातारीचं नाक अजून दणकट आहे म्हणायचं.

साधी सर्दी आहे. दोन दिवसांत जाईल.

१० तारीख, सोमवार

गेली नाही. आज नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. सूनबाईने अर्धी रजा टाकली.

डॉक्टर तरुण आहेत, कपाळाला दिवा बांधतात. मी विचारलं, हिची डावी पाच दिवस बंद, उजवी सगळी धावपळ एकटी करतेय, असं कसं? तर त्यांनी कागदावर नाक काढून दाखवलं. मला माहीतच नव्हतं! म्हणे माणसाच्या दोन्ही नाकपुड्या एका वेळी सारख्या चालतच नाहीत. आत मांसाच्या उशा असतात. एका बाजूची उशी फुगते, दुसरीची ओसरते, आणि काही तासांनी पाळी बदलते. म्हणजे एक कामावर, एक विश्रांतीला. म्हटलं, आमच्या घरात मात्र सगळे कामावर आणि विश्रांतीला कुणीच नाही. हसले बिचारे.

तर ठिणगीची पाळी बदलत नाही, हे दुखणं. कारणं त्यांनी बोटांवर मोजली. धूळ सोसत नसेल. मधला पडदा वाकडा असेल. मागे गाठी वाढल्या असतील. आणि लहान मूल असेल, एकच बाजू बंद असेल, तर आधी बघायचं की पोराने आत काही घातलंय का. मणी, शेंगदाणा, खोडरबर. एकाच्या नाकातून त्यांनी बाहुलीचा बूट काढला म्हणे. ठिणगी मान हलवून म्हणाली, बी काही घातलं दाही.

दिवा लावून बघितलं. मणी नाही, बूट नाही. मग ते आणखी वाकले. म्हणाले, मागे काहीतरी काळसर दिसलं, दिवा नेला की मागे सरकतं, शेंबडाची तार असेल. दिवा विझवून चष्मा पुसला, परत बघितलं, तेव्हा काही नव्हतं. एकवीस तारखेला, शुक्रवारी, बारीक नळीचा कॅमेरा घालून नीट बघू म्हणाले.

तोवरचा उपाय. पाणी उकळून कोमट करायचं, मीठ घालायचं, पिचकारीने दिवसातून दोनदा नाक धुवायचं. पांघरुणं कढत पाण्यात धुवायची. दुकानात मिळतात ते नाक मोकळं करायचे थेंब चार दिवसांवर घालायचे नाहीत, नाहीतर नाक उलट जास्त चोंदतं. उकळत्या भांड्यावर पोरीला वाफ द्यायला बसवायचं नाही, भाजतं. आणि रोज लिहून ठेवायचं, कुठली बाजू, केव्हा, किती.

मी पिशवीतून वही काढून दाखवली! ताटलीचंही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आजी, आम्हीही हेच करतो, आमची ताटली फक्त लहान असते. सूनबाईकडे बघून मी भुवई उडवली. तिने डोळे फिरवले, पण रिक्षात बसल्यावर माझा हात धरला. तिला भीती वाटतेय. ठिणगी जन्मली तेव्हा पहिला श्वास घ्यायला वेळ लावला होता पोरीने. तेव्हापासून सूनबाई तिचे श्वास मोजत झोपते.

१२ तारीख, बुधवार

डाग: उजवा चार बोटं, डावा काही नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, तेच.

पांघरुणं धुतली, उशा उन्हात टाकल्या, गालिचा गुंडाळून माळ्यावर. नाक धुताना ठिणगी इतकी ओरडते की शिवणवाली खालून विचारते, कुणाला कापताय का. मिठाचं पाणी उजवीतून घातलं की डावीतून यायला हवं. येत नाही. डावीत घातलं तर तेही कुठे जातं कळत नाही. बाहेर येत नाही, घशात उतरत नाही. वाटीभर पाणी गेलं आत आज. पोर म्हणते, पितो तो.

कोण ग पितो, म्हटलं, तर शिट्टी वाजवत पळाली.

आणखी एक गंमत. गल्लीत उभं राहून आमच्या खोलीची भिंत बघत होते, बाहेरून झरोके कसे दिसतात म्हणून. बाहेर एकच भोक आहे. उजवं. डाव्याच्या जागी सरळ भिंत, जुनी, गिलावा कुठे फुटलेला नाही. मग तो वारा कुठून आला होता? शिवणवाली म्हणाली, जुनी घरं, गवंड्याचा काही नेम नाही. तेही खरं.

ठिणगी दुपारी पलंगाच्या अगदी कडेला झोपली होती. पडेल म्हणून मी तिला मधे ओढलं. झोपेतच परत कडेला सरकली. अंग गार लागलं. दोन पांघरुणं घातली.

१४ तारीख, शुक्रवार

डावा डाग आला!

दुपारी पोर झोपली होती, मी ताटली धरली, आणि डावीकडे दोन बोटांची वाफ उमटली. मी टाळीच वाजवणार होते. धावत जाऊन सूनबाईला फोन केला, ती कचेरीत सगळ्यांसमोर रडली म्हणे. गोड काहीतरी करीन म्हणून पिठाचा डबा काढला. मग वाटलं, परत एकदा बघावं. चांगली गोष्ट दोनदा बघितली की दोनदा मिळते.

परत धरली. आता नीट लिहिते, डॉक्टरांना दाखवायचं आहे.

उजवीची वाफ आली. विरली. ती विरल्यावर डावीची आली. ती विरली, मग उजवीची.

दोन्ही नाकपुड्या एकाच छातीच्या. छाती खाली बसते तेव्हा दोन्हीतून वाफ यायला पाहिजे. मी एक हात पोरीच्या छातीवर ठेवला. छाती वर येत होती, म्हणजे ती श्वास आत घेत होती, आणि त्याच वेळी डावीतून वाफ बाहेर पडत होती.

चाळीस वेळा बघितलं. मोजून.

पिठाचा डबा तसाच उघडा राहिला. सूनबाईला परत फोन केला नाही. काय सांगू तिला?

१५ तारीख, शनिवार

आज सगळे घरी. लेक म्हणाला, दाखव की ताटली. दाखवली. दोन्ही डाग एकदम आले, एकदम गेले, शहाण्या मुलांसारखे. लेक इतका खूश की पोरीला खांद्यावर घेऊन घरभर नाचला. डॉक्टरांनाही दाखवून आणलं. ते म्हणाले, छान, सुधारतंय, धूत राहा, शुक्रवारी बघूच. माझ्या मनात आलं, माझे डोळे गेले असतील. आनंदाने म्हणाले असते मी, डोळे गेले.

संध्याकाळी वेणी घालताना ठिणगीला विचारलं. रागावून नाही. म्हटलं, खरं सांग, नाकात काय आहे. तर म्हणाली, बी घातलं दाही आजी, तो आपणहून आला. कुठून? तिने वर बोट केलं. डाव्या झरोक्याकडे.

त्याला थंडी वाजत होती म्हणे. भिंतीत फार थंडी असते. तो गादीजवळ आला, पण कुणी बोलावल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. म्हणून ती म्हणाली, ये, सरकते. आजी, तूच सांगितलंस दा.

कंगवा माझ्या हातातून पडला.

मी बोळा काढला. मीच गोष्ट सांगितली.

ठिणगे, इथून पुढची पानं तुला तपासायला नाहीत. वही मी उशीच्या आत ठेवते आहे.

१७ तारीख, सोमवार

उजवा दोन बोटं. डावा चार.

शुक्रवारी उलट होतं. बेरीज तीच आहे, सहा बोटं. पोर त्याला जागा करून देतेय. आणि सगळी जागा देऊन झाली की?

शिवणवालीला विचारलं, आमच्या आधी इथे कोण होतं. तिने टाचण्या तोंडातून काढल्या. घड्याळं दुरुस्त करणारे एक काका होते. एकटेच. एके काळी फार बोलके. शेवटच्या वर्षी कुणाला दारात उभं करेनात. सख्खी बहीण सेवेला आली, तिलाही बाहेरून परत पाठवलं, ती जिन्यात बसून रडली. ऐन उन्हाळ्यात तीन स्वेटर घालायचे. गेले तेव्हा नाकात कापसाचे बोळे, वर मेण, दाराच्या, खिडकीच्या सगळ्या फटीत चिंध्या. लोक म्हणाले, वेड लागलं. ती म्हणाली, मला नाही वाटत आजी, शेवटपर्यंत घड्याळ बरोबर लावून द्यायचे, फळीवर ठेवून दाराआडून.

वेडे नव्हते ते. ते त्याला कोंडत होते. जाता जाता कसं कोण जाणे त्याला भिंतीत घातलं, वर बूच मारलं, आणि परत शिरू नये म्हणून स्वतःचं नाकही बुजवलं. आणि मी चमचा घेऊन—

दुपारी ठिणगी झोपलेली. तोंड मिटलेलं, मी बघत होते, ओठावर ओठ. आणि तिच्या नाकातून तिचाच आवाज आला. हळू. मला थंडी वाजते.

मला, म्हणाला. म स्वच्छ होता. बारा दिवसांत ह्या पोरीला म म्हणता आलेला नाही.

१८ तारीख, मंगळवार

सकाळी उजवा डाग एक बोट. शाळेत पाठवली नाही. ओठ निळसर. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले श्वासाला त्रास असेल तर लगेच आणा. सूनबाईला कळवलं, ती निघाली. यायला पाऊण तास.

पाऊण तास नव्हता. बारा वाजता ताटलीवर उजवा डाग आलाच नाही. छाती हलत नव्हती. आणि डावीकडे सहा बोटं वाफ, येतेय, जातेय, निवांत.

मग मी काय करणार होते? मी तिच्या शेजारी आडवी झाले. नाकाला नाक लावलं, आमची रीत आहे तशी. आणि म्हटलं, अरे, इकडे ये. मी मोठी आहे, माझ्यात जागा जास्त आहे. सात भावंडांत झोपलेली बाई आहे मी.

ये, सरकते.

गार. विहिरीत वाकल्यासारखं गार.

ठिणगीला ठसका लागला. रडली. मोठ्याने रडली, आणि म्हणाली, मला तहान लागली.

मला, म्हणाली. मी तिला उचलून नाचले, कंबर गेली खड्ड्यात.

१९ तारीख, बुधवार

डॉक्टर म्हणाले, दोन्ही बाजू लख्ख मोकळ्या. शुक्रवारचा कॅमेरा नको. मिठाच्या पाण्याचा गुण. सूनबाई माझ्या गळ्यात पडली, मी तोंड फिरवून घेतलं. तिला लागलं असेल.

पोरीचे डाग तीन आणि तीन, एकदम येतात, एकदम जातात. इतकं छान दिसतं ते. कितीदा बघितलं.

माझी डावी बंद आहे. असू दे.

नाकाला नाक घासायला आली. मी म्हटलं, आजीला सर्दी आहे.

२० तारीख, गुरुवार

उजवा दोन. डावा चार. पोरीत दोन आठवडे लागले. माझ्यात दोन दिवस—म्हातारं घर, भिंती पोकळ.

स्टुलावर चढून झरोक्याला नाक लावलं. म्हटलं, जा. जात नाही. कशाला जाईल? तिथे थंडी आहे.

लेकाला सगळं सांगितलं. त्याने कपाळाला हात लावून ताप बघितला. म्हणाला, आई, तू दमलीस. शनिवारच्या गाडीने परत जाते म्हटलं, तर सूनबाई रडली. तिला वाटतं माझं काही बिनसलं. बाई ग, तुझ्या हातचा चहाही सोडवत नाही मला.

ठिणगीला शपथ घातली. ते दोन शब्द कुणालाही म्हणायचे नाहीत. कुत्र्याला नाही, बाहुलीला नाही. मलासुद्धा नाही. विशेषतः मला नाही. तिने विचारलं, तुला थंडी वाजली तरी? मी म्हटलं, तरी.

बोबडं बोलते मी आता. बी, दाही. ती हसते.

२१ तारीख, शुक्रवार

लेक-सून कामावर. शाळा सुटली की ठिणगीने शिवणवालीकडे थांबायचं, असं ठरवून दिलंय. दाराला आतून कडी. फटीत चिंध्या कोंबल्या. खालची फट राहिली, चिंध्या संपल्या.

गाडी नको आता. गाडीत माणसं शेजारी बसतात.

—

उजवी पण बंद. तोंडाने श्वास घेते. कापूस घातला. मेणबत्ती वितळवून—

—

काढून टाकला कापूस. मी नाही काढला. मी इथे बसले होते.

—

ताटली धरली. दम रोखला. वीस मोजले. मी श्वास सोडत नाहीये. दोन्ही डाग येतायत. जातायत. येतायत.

—

मगाशी माझ्या आवाजात बोलला. मी तोंड मिटलं होतं. ठिणगी, म्हणाला. ठिणगी, वर ये. तोंडात रुमाल कोंबलाय मी. तरी येतो आवाज, तो तोंडातून बोलतच नाही—

जिन्यावर पाय वाजले. शिट्टी. खिंडीतून शिट्टी—

—

ठिणगी हे वाच

पान फाडून दाराखालून देते आहे

आत बोलते ती मी नाही. माझ्या तोंडात रुमाल आहे. मला म म्हणता येत नाही. त्याला येतो. म स्वच्छ म्हणेल ती आजी नाही. अक्षर बघ, अक्षर माझं आहे, तूच शिकवलेलं

ते शब्द म्हणू नकोस. खाली मावशीकडे जा. आत्ता जा

थांब होतंय लिहून. माझा हात हळू चालतो तुला माहीत आहे

तो म्हणतोय बाळा मला थंडी वाजते. आजीला थंडी वाजते

तू रडू नकोस. बोलू नकोस. कागद आला बघ हा एवढी ओळ झाली की

नको ठिणगे नको तू म्हणते आहेस ये आजी मी सर—